संत इसिदोराचे बैल

सोमवार, २१ एप्रिल २००३

डॉक्टरांनी सांगितलंय, चिडचिड झाली की माणसांवर ओरडायचं नाही, लिहून काढायचं. ब्लडप्रेशर खाली येतं म्हणे. म्हणून ऑइल कंपनीने फुकट दिलेली ही डायरी आज उघडली. जानेवारीपासून कोरीच पडली होती.

काल ईस्टरचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून फादर विल्यम संगमनेरला परत गेले आणि आमची अकरा घरांची मंडळी चर्चच्या ओट्यावर बसली. विषय पंधरा मेच्या सणाचा, संत इसिदोराच्या. आजवर सणाचं सगळं लूकस बघायचा. लूकस म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर इथला धर्मशिक्षक, गावातली पोरंही त्याच्याकडेच शिकली, सगळी वाडी त्याला मास्तर म्हणते. बायको गेल्यापासून चर्चच्या आवारातल्या खोलीत एकटा राहतो. जानेवारीत त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तर मंडळींनी मी तोंड उघडायच्या आत मला अध्यक्ष करून टाकलं.

"शांतवनभाऊ, तुमी मास्तरचं सख्खं भाऊ. तुमाला समदं म्हाईत आसंल."

मला काय माहीत असणार? मी आळेफाट्याला डिझेल पंप दुरुस्त करतो. रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि प्रवचन लांबलं की बाहेर येऊन टायर बघतो.

घरी आल्यावर एस्तेरला म्हणालो, मी नाही म्हणून सांगतो उद्या. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा. पन मग भावजींना तुमीच सांगा, औंदा सण न्हाई म्हनून." बायकोचं हे असं असतं.

गुरुवार, २४ एप्रिल

लूकसला तपासायला डॉक्टर आले होते. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो, पुढच्या वर्षीच्या सणाचं काही धरून चालू नका.

म्हणजे यंदाच. त्याला पायरीवर खुर्चीत बसवायचं आणि संत वेशीतून चर्चच्या दारापर्यंत आलेला दाखवायचा. एवढंच करायचंय मला. बाकीचा सण गेला खड्ड्यात.

शनिवार, २६ एप्रिल

आमच्या सणाची रीत आहे ती अशी. संत इसिदोर हा स्पेन देशातला शेतमजूर. कामावर जायच्या आधी चर्चला जायचा म्हणून मालक चिडायचा. एकदा मालक रागारागाने शेतात गेला, तर इसिदोर प्रार्थनेला आणि औत देवदूत हाकतोय. त्याची आठवण म्हणून आमच्याकडे संताची मूर्ती बैलगाडीतून निघते. वेशीपर्यंत गाडीवान हाकतो. वेशीत तो खाली उतरतो, कासरा गाडीत टाकतो, आणि तिथून पुढे बैलांना कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. बैल आपले आपण चर्चला येतात. मंडळी मागून जपमाळ म्हणत चालतात. म्हणे देवदूत हाकतात.

मला हे कधी पटलं नाही. पण बैल येतात हे खरं आहे. इतकी वर्षं बघतोय, एकदाही चुकले नाहीत. लूकसला कितीदा छेडलं, काय युक्ती आहे सांग ना. तो नुसता हसायचा आणि म्हणायचा, मागच्या बाकावरून दिसत नाही ते.

आता अडचण अशी की आमच्या अकरा घरांत एकाकडेही बैल उरलेला नाही. सगळ्यांना ट्रॅक्टर पाहिजे. त्या ट्रॅक्टरांवर माझं पोट चालतं, म्हणून तक्रारही करता येत नाही.

रविवार, २७ एप्रिल

गावात धड जोडी एकच, गोरखची. त्याची वस्ती वेशीच्या आत तिठ्यावरून उजवीकडे, चर्च डावीकडे. गेलो संध्याकाळी. तो कांदाचाळीला जाळी मारत होता.

"शांतवनभाऊ, आदीच सांगतो, बैल इकायचं हायेत. ट्रॅक्टर बुक केलाय. ह्या दुष्काळात कडबा मिळंना, बैलांना काय माती घालू?"

म्हटलं, सण होऊ दे, मग वीक. तर म्हणाला, "मास्तर न्यायचे तसं नऊ दिस न्हाई देनार. येक दिस न्या. सकाळी न्या, दुपारी आना."

कारण लूकसची पद्धत अशी की दरवर्षी कुणाची तरी जोडी मागून आणायची, ती नवेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पहिल्या दिवशीच. मग नऊ दिवस बैल चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली. स्वतः वैरण घालायचा, स्वतः पाणी पाजायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. नऊ दिवस आपण प्रार्थना करायची आणि बैलांनी आराम करायचा, असं काहीतरी. लूकसच्या बऱ्याच गोष्टी अशाच, लांबण लावायच्या.

मी लगेच म्हणालो, एक दिवस पुष्कळ झाला. गोरखची म्हातारी आई, धोंडाबाई, दारातून म्हणाली, "मास्तर बरं हायेत का? त्यांना म्हनावं, येनार हाये भेटाया." म्हटलं, या.

आल्यावर एस्तेरला सांगितलं, बघ, नऊ दिवसांचं काम एका दिवसात बसवलं. यंदा कडबाही वाचला. याला म्हणतात नियोजन.

मंगळवार, ६ मे

आज नवेना सुरू. संध्याकाळी चर्चपुढे झेंडा चढवला. लूकसची खाट दारात आणून ठेवली होती, त्याला दिसावं म्हणून. झेंडा वर गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा माणूस झेंड्याकडे बघतच नाही. कडुलिंबाखालचा रिकामा खुंटा बघतोय. डाव्या हाताने खाट बडवायला लागला.

मी समजावलं, "बैल ठरलेत. गोरखचे. पंधराला सकाळी येतात." तर आणखीच जोरात बडवलं. खुंट्याकडे बोट. मग तोच हात तोंडाकडे. परत खुंट्याकडे.

एस्तेर म्हणाली, भूक लागली असेल. दूधभात आणला तर तोंड फिरवलं. पाटी आणून डाव्या हातात पेन्सिल दिली. दोन रेघोट्या ओढल्या आणि पाटी ढकलून दिली.

एवढं सगळं त्याच्यासाठी चाललंय आणि हा असा. सगळ्यांसमोर माझा पाणउतारा झाला ते वेगळंच.

शुक्रवार, ९ मे

रोज तेच. प्रार्थना सुरू झाली की खुंट्याकडे बोट, मग हात तोंडाकडे. आज एस्तेरने शिरा केला. वेलची घालून, काजू घालून. त्याने वाटी उडवली. शिरा माझ्या धुतलेल्या पँटवर.

मी ओरडलो. डॉक्टर काहीही म्हणोत. "काय खायचंय ते तरी कळू दे! मी काय अंतर्यामी आहे?" लूकसच्या डोळ्यांतून पाणी आलं. रागाने आलं की कशाने, कळलं नाही. एस्तेर माझ्याशी बोलत नाहीये.

पूर्वी हा माणूस तासभर बोलायचा तेव्हा मी म्हणायचो, पुरे कर रे बाबा. आता एका शब्दासाठी जीव तळमळतो. त्याचा आणि माझाही.

सोमवार, १२ मे

आजचा दिवस डोक्यात गेला. गॅरेजमध्ये पंप उघडून बसलो होतो. एक ट्रकवाला म्हणाला, तुमच्या वाडीचा गोरख बैल घेऊन बेल्ह्याच्या रस्त्याला दिसला. आज सोमवार, बेल्ह्याचा बैलबाजार. पंप तसाच टाकला, स्कूटर काढली.

बाजारात धूळ नुसती. गोरख सापडला तेव्हा एक व्यापारी आमच्या संताच्या बैलाचे दात बघत होता. मी मधे जाऊन उभा राहिलो.

"आवं राव, निस्ता भाव काढाया आनल्यात!" गोरख म्हणाला.

"भाव काढायला शुक्रवार नाही का पुढचा?"

"बाजार सोमवारी भरतो, भाऊ. शुक्रवारी काय करू हितं येऊन?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो असतो, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. शेवटी म्हटलं, तुझ्या आईला जाऊन सांगतो. त्याने गुपचूप बैल सोडले. धोंडाबाईचा धाक अजून आहे म्हणायचा.

विश्वास नाही म्हणून त्याच्या मागोमाग आलो. बेल्ह्यापासून वाडीपर्यंत बैलांच्या चालीने स्कूटर चालवली. क्लच प्लेट जळाली असणार.

एक गोष्ट मात्र बरी झाली. तिठ्यावर गोरख बिडी पेटवायला थांबला, तर बैल थांबलेच नाहीत. आपले आपण उजवीकडे वळून गोठ्यात जाऊन उभे राहिले. भलतीच हुशार जनावरं. आता गुरुवारची मला काळजी नाही.

बुधवार, १४ मे

शिंगं रंगवली. झुली आणल्या. मूर्ती पुसली. संताच्या हातातला नांगर निखळला होता, तो मी ऍरल्डाइटने बसवला. नवेना संपला. लूकस आज शांत होता. छताकडे बघत पडला होता. मी म्हटलं, उद्या बघ. तर त्याने डोळेच मिटले. हे मला खाट बडवण्यापेक्षा जास्त लागलं.

गुरुवार, १५ मे. संध्याकाळ

कुठून सुरू करू?

सकाळी सगळं वेळेवर. फादर विल्यम आठलाच आले. त्यांना संध्याकाळी दुसरीकडे सण होता, म्हणून घाईत होते. लूकसला पांढरा सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून चर्चच्या पायरीवर खुर्चीत बसवलं. शेजारी एस्तेर. जलालभाईंचा बँड वेशीत हजर. आमची माणसं, शिवाय गावातली कितीतरी. मास्तरच्या हाताखाली न शिकलेलं माणूस या गावात कमीच.

गोरखने गाडी वेशीपर्यंत आणली. रीतीप्रमाणे उतरला, कासरा गाडीत टाकला. बँड थांबला. मी डोळ्यांनी खूण केली, मंडळींनी जपमाळ सुरू केली. बैल चालायला लागले. कोणी हाकत नाही, कोणी बोलत नाही, आणि ते झुली हलवत ऐटीत निघालेत. खरं लिहितो, माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, असतील बुवा देवदूत.

तिठा आला. बैल उजवीकडे वळले.

कोणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अध्यक्ष. मी दात ओठ खात नुसते हात हलवले. बैल कशाला बघतात! जपमाळ म्हणणारी मंडळी गाडीमागे उजवीकडे वळली, कारण संत तिकडे चाललाय. जलालभाईंना वाटलं यंदा मार्ग बदलला असेल, त्यांनी परत बँड सुरू केला. अशी आमची मिरवणूक वाजतगाजत गोरखच्या गोठ्यात गेली. बैलांनी गव्हाणीत तोंड घातलं आणि खायला लागले. संत इसिदोर कांदाचाळीकडे तोंड करून उभा.

धोंडाबाई धावत आली. तिला वाटलं, संत तिच्या घरी आला. तिने बैलांच्या पायांवर पाणी घातलं, मग कुंकवाचा करंडा घेऊन गाडीवर चढायला लागली. मी म्हणालो, "आवं आज्जी, थांबा!"

"का थांबू? घरी आलेल्याला दारात उभं करू व्हय?" आणि संताच्या कपाळाला बोट लावलंच.

मी गोरखवर ओरडलो. तुझ्या बैलांनी घात केला. तर तो शांतपणे म्हणाला, "बैलाला काय बोलता? त्यो जितं खातो तितं जातो. नऊ दिस तुमच्याकडं खाल्लं आसतं, तर तुमच्याकडं आला आसता."

मी तिथेच खाली बसलो.

खुंट्याकडे बोट. हात तोंडाकडे. आणि मी त्याला शिरा भरवत होतो!

म्हणजे इतकी वर्षं देवदूत-बिवदूत काही नव्हतं. लूकस पहाटे उठून वैरण टाकत होता. फसवलं सगळ्या गावाला, फादरांना, मला. सख्ख्या भावाला! आधी इतका राग आला की कानशिलं तापली. मग वाटलं, त्याला गेले नऊ दिवस माहीत होतं. रोज माहीत होतं की बैल येणार नाहीत. आणि सांगता येत नव्हतं.

एकजण म्हणाला, मूर्ती खांद्यावर घेऊ आणि जाऊ. दुसरा म्हणाला, मास्तरलाच ट्रॉलीत घालून इकडं आणू. मी म्हटलं, कोणी काही करायचं नाही. तो तिकडे बसलाय, त्याला संत बैलगाडीतून दारात आलेला दिसला पाहिजे. हाकायचं नाही, हात लावायचा नाही. रीत म्हणजे रीत.

धोंडाबाईकडे कडब्याची पेंढी मागितली. तिने तिच्या गंजीतली हिरवट बघून काढून दिली. दुष्काळातली पेंढी, पण गोरखने अडवलं नाही. ती बैलांच्या नाकापुढे धरली आणि मी मागे मागे चालायला लागलो. बैलांनी एकदा गव्हाणीकडे बघितलं, एकदा पेंढीकडे, आणि निघाले.

माझं वय अठ्ठावन्न. नवा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. दोन्ही हात पुढे करून पेंढी धरलेली आणि पाठमोरा चालतोय. खड्डा दिसत नाही, गटार दिसत नाही. बैल पुढे मान घालून कडबा ओढतात आणि वर माझ्या मनगटाला चाटतात. मी त्यांना हळू आवाजात शिव्या देत होतो. हळू, कारण मागे जपमाळ चालू होती. "नमो मरिया" झालं की मी, "ये ना भाडखाऊ, ये." सगळ्यांना ऐकू जात होतं असं आता कळतंय. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. थांबलो असतो तर बैल परत वळले असते, म्हणून थांबलो नाही. हात भरून आले. एकजण पेंढी धरायला पुढे आला, त्याला मी हाकललं.

तिठा ओलांडला. मला चर्च दिसत नव्हतं. मला फक्त दोन बैल दिसत होते आणि त्यांच्या वर कपाळाला कुंकू लावलेला संत. जवळ आलोय हे कळलं ते मंडळींच्या तोंडांवरून. त्यांचं हसणं थांबलं होतं, सगळे माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. मग माझी टाच पायरीला लागली आणि मी मागच्या मागे बसलो. पेंढी मांडीवर पडली. बैलांनी तिथेच, माझ्या मांडीवर, खायला सुरुवात केली.

वर बघितलं तर लूकसचे गुडघे. त्याच्याच पायाशी पडलो होतो. तो संताकडे बघत होता. अर्धं तोंड हसत होतं, अर्ध्याला जमत नव्हतं. त्याने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काढेचना. फादर विल्यमनी पवित्र पाणी शिंपडलं ते बैलांवर कमी आणि माझ्यावर जास्त. घाई आहे म्हणणारा माणूस, त्यांनी तासभर प्रवचन केलं.

मी आज मागच्या बाकावर बसलो नाही. बसता येत नव्हतं. लूकसने मनगट धरून ठेवलं होतं.

शुक्रवार, १६ मे

सगळं अंग दुखतंय. बैल गोरखला परत पोचवले. तो म्हणतो आई आता विकू देत नाही, संत घेऊन आले म्हणे. ट्रॅक्टर आणि बैल दोन्ही कसं पोसू, असं मला विचारतो. जसं काही मीच बैलांना सांगितलं होतं.

सकाळी एस्तेर पाणी आणायला गेली तेव्हा लूकसशी दोन शब्द बोलून घेतले. राग मनात ठेवू नये. म्हटलं, "खरं सांग. देवदूत वगैरे काही नव्हतं. तूच वैरण टाकायचास. बरोबर?"

त्याने मान हलवली. नाही.

"नाही काय? गोरख सांगतोय, मी स्वतः बघितलं. बैल कडब्यासाठी येतात."

मान हलवली. हो.

"मग देवदूत कुठून आला?"

त्याने डावा हात उचलला आणि बोट माझ्या छातीवर टेकवलं.

म्हणजे दोष माझाच! मी विचारतोय काय, हा दाखवतोय काय. मी परत विचारलं, नीट, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. देवदूत कोण? परत तेच बोट, तिथेच, आणि डोळ्यांत ते जुनं हसू, जे बघितलं की मला लहानपणापासून राग येतो. जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा तेच. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. वाचा गेली तरी शेवटचा शब्द याचाच. डोकं फिरलं माझं. त्याला चहा पाजला, तोंड पुसलं, पाठीमागे उशी लावून दिली आणि गॅरेजला निघून आलो.